लाल शेऱ्यानंतर काय?

शिक्षणातल्या अल्गोरिदमांवर वाद पेटला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, गणिताला वंश नसतो, आकडे सांगतात ते निमूट मान्य करा. दुसरं, हा अल्गोरिदमच वंशवादी आहे, तो आधी बंद करा. कुठला विद्यार्थी शाळा सोडेल, कोण पदवीपर्यंत पोचणार नाही, कोणाला कुठल्या वर्गात बसवावं याचं भाकीत करणारी सॉफ्टवेअरं अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत रुळली आहेत. त्यातल्या एखाद्याची तपासणी जाहीर झाली की या दोन वाक्यांची फैर झडते. मग मॉडेल, म्हणजे भाकितामागचं गणित, उघडून बघितलं जातं, त्यात वंशाचा रकाना आहे की नाही ते शोधलं जातं, चूक कुणाच्या बाबतीत किती होते ते मोजलं जातं. मोजायचं कसं यावरच तज्ज्ञांत फाटाफूट होते आणि वाद तिथेच रुतून बसतो.

हा वाद मुळात चुकीच्या जागी उभा आहे. भाकीत न्याय्य आहे की नाही हे मॉडेलच्या आत ठरत नाही. भाकीत हातात आल्यावर शाळा त्या मुलाचं काय करते, तिथे ते ठरतं. दार उघडण्यासाठी वापरलेला अंदाज आणि दार लावून घेण्यासाठी वापरलेला अंदाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींमागचं समीकरण अगदी एकच असलं तरी. माझं म्हणणं असं, की नुसत्या अंदाजाच्या जोरावर एखाद्या मुलाला वर्ग, विषय, प्रवेश किंवा शिष्यवृत्ती नाकारणं बंद झालं पाहिजे, मग मॉडेल कितीही अचूक असो. आणि मदतीसाठी म्हणून अंदाज वापरत असाल, तर ती मदत खरंच पोचते हे दाखवण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची. ती दाखवता येत नसेल तर मुलांवर शेरे मारण्याचा अधिकारही नाही.

विस्कॉन्सिन राज्याचं उदाहरण जरा जवळून बघण्यासारखं आहे, कारण दोन्ही बाजूंनी ते वापरलं आणि दोन्ही बाजूंनी त्यातला मुख्य धडा सोडून दिला. तिथला सार्वजनिक शिक्षण विभाग २०१२-१३पासून एक पूर्वइशारा यंत्रणा चालवत होता. परीक्षेतले गुण, हजेरी, शिस्तभंगाच्या नोंदी, शाळा किती वेळा बदलली, आणि त्याबरोबर मुलाचा वंश व घरची आर्थिक स्थिती, एवढ्यावरून हा मुलगा हायस्कूल वेळेत पूर्ण करील का याचा अंदाज बांधला जाई. मुख्याध्यापकांनी संगणकावर यादी उघडली की मुलाच्या नावापुढे रंग दिसे. हिरवा म्हणजे धोका कमी, पिवळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे जास्त. बारा-तेरा वर्षांचं मूल, ज्याने अजून हायस्कूलचा उंबरठाही ओलांडलेला नाही, त्याच्या नावापुढे लाल खूण. मूल वर्गात येण्याआधी ती खूण आलेली असणार.

२०२३ साली ‘द मार्कअप’ या वृत्तसंस्थेने या यंत्रणेचा पडताळा जाहीर केला. वेळेत पूर्ण करणार नाही असं ज्यांच्याबद्दल यंत्रणा सांगे, त्यांच्या बाबतीत ती जवळपास चारात तीन वेळा चुकत होती. कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीत चुकीच्या इशाऱ्याचं प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा ४२ टक्के-बिंदूंनी जास्त होतं, हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाच्या, मुलांच्या बाबतीत १८नी. आणि हे खुद्द विभागाला २०२१मध्ये आपल्याच अंतर्गत पाहणीतून कळलेलं होतं. साहजिकच गदारोळ झाला. पण त्याच सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांनी याच यंत्रणेचा सुमारे दशकभराचा डेटा तपासून जे मांडलं, ते माझ्या मते जास्त गंभीर आहे आणि त्याची चर्चा मात्र फार कमी झाली. त्यांचं म्हणणं असं, की धोक्यानुसार मुलांची क्रमवारी लावण्यात यंत्रणा बऱ्यापैकी अचूक होती. पण लाल शेरा मिळाल्यामुळे मुलांचं हायस्कूल वेळेत पूर्ण करण्याचं प्रमाण वाढलं, याचा पुरावा सापडला नाही. याचा अर्थ असा, की चुकीच्या लाल शेऱ्यांचा भार जास्त करून कृष्णवर्णीय मुलांनी वाहिला, आणि बरोबर लाल शेरा ज्यांना मिळाला त्यांच्याही पदरात काही पडलं नाही. ‘मॉडेल अचूक आहे’ म्हणणारे आणि ‘मॉडेल पक्षपाती आहे’ म्हणणारे दोघेही एका परीने खरं बोलत होते. मुलांचं काय झालं हे मात्र दोघांच्याही बोलण्यात नव्हतं.

आता विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा घेऊ. तो असा, की चुकांच्या प्रमाणातला फरक हा पक्षपाताचा पुरावाच नव्हे. साध्या काल्पनिक आकड्यांनी तो तपासता येतो. समजा, लाल शेऱ्याचा अर्थ सर्वांसाठी एकच आहे. वंश कुठलाही असो, लाल शेरा मिळालेल्या शंभरांतले ६० शाळा सोडतात आणि न मिळालेल्या शंभरांतले ५. यापेक्षा समान वागणूक काय असणार? आता एका गटात हजार मुलं आहेत, त्यांतल्या १००ना लाल शेरा मिळतो. त्यांतले ६० आणि उरलेल्या ९००मधले ४५ शाळा सोडतात. ८९५ मुलं शिक्षण पूर्ण करतात आणि त्यांतल्या ४०जणांना शेरा चुकीचा लागलेला असतो, म्हणजे साडेचार टक्क्यांना. दुसऱ्या गटातही हजार मुलं आहेत, पण तिथे ४००ना लाल शेरा मिळतो. त्यांतले २४० आणि उरलेल्या ६००मधले ३० बाहेर पडतात. ७३० पूर्ण करतात, आणि त्यांतल्या १६०जणांवर चुकीचा शेरा, म्हणजे जवळजवळ २२ टक्क्यांवर. शेऱ्याचा अर्थ दोन्हीकडे तंतोतंत सारखा, तरी शिकून पार पडणाऱ्या मुलांवर अन्याय पाचपट. यात कोणी लबाडी केलेली नाही. गळतीचं मूळ प्रमाण दोन गटांत वेगळं असेल आणि भाकीत अगदी निर्दोष नसेल, तर शेऱ्याचा अर्थ आणि चुकांचं प्रमाण दोन्ही एकाच वेळी समान ठेवता येत नाही. २०१६च्या सुमारास जॉन क्लाइनबर्ग, सेंधिल मुल्लैनाथन व मनीष राघवन यांनी, आणि स्वतंत्रपणे अलेक्झांड्रा शुलदेकोवा यांनी, हे गणिताने सिद्ध केलं.

हा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो. विस्कॉन्सिनचा सगळा फरक यातून समजावता येतो असं नाही. पण जिथे फक्त एवढंच कारण असेल, तिथे ‘मॉडेल वंशवादी आहे’ ही ओरड निदान म्हणून चुकीची आहे आणि उपाय म्हणून निरुपयोगी. एक मोजमाप सुधारलं की दुसरं बिघडणार. पण हे सिद्ध झाल्यावर लोक जिथे थांबतात तिथे थांबायचं कारण काय? कुणावर तरी चुकांचा भार जास्त पडणारच आहे, हे गणिताने ठरलं. मग प्रश्न एवढाच उरतो, की ती चूक अंगावर आल्यावर काय होतं. चुकीचा शेरा म्हणजे आठवड्यातून एकदा शिकवणीची जादा तासिका असेल, तर दुसऱ्या गटातल्या त्या १६० मुलांचं फारसं बिघडलं नाही. चुकीचा शेरा म्हणजे बीजगणिताच्या वर्गात जागा नाही असा असेल, तर १६० मुलांचं पुढचं शिक्षण त्यांच्या हातून गेलं. हे उत्तर कुठल्याही समीकरणात सापडणार नाही.

शिवाय ‘मूळ प्रमाण’ हा शब्दप्रयोग ज्या निर्धास्तपणे वापरला जातो तोही खटकतो. पावसाचं भाकीत केल्याने पाऊस बदलत नाही. शाळेचं तसं नाही. इथे भाकीत करणारी संस्था आणि ते खरं किंवा खोटं ठरवणारी संस्था एकच आहे. शिस्तभंगाच्या नोंदींचं बघा. अमेरिकी काँग्रेससाठी लेखापरीक्षण करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या २०१८च्या अहवालानुसार सार्वजनिक शाळांत कृष्णवर्णीय मुलं १५.५ टक्के होती आणि शाळेतून काही काळ काढून टाकलेल्यांत त्यांचा वाटा सुमारे ३९ टक्के होता. मुलाला घरी पाठवण्याचा निर्णय मुख्याध्यापकांचा, पण डेटाच्या रकान्यात तो जातो मुलाचा दुर्गुण म्हणून. हजेरी तिथे कमी होते, अभ्यास तिथे बुडतो, आणि पुढच्या वर्षीचं मॉडेल या तिन्ही गोष्टी स्वतंत्र पुरावे समजून मोजतं. शाळेने केलेलं शाळेलाच पुन्हा भविष्य म्हणून वाचून दाखवलं जातं.

मग वंशाचा रकाना काढून टाकला तर? हा उपाय सर्वांना आवडतो, कारण तो स्वस्त आहे आणि दिसायला स्वच्छ आहे. ‘द मार्कअप’नेच २०२१मध्ये दाखवून दिलं होतं, की अनेक मोठी विद्यापीठं वापरत असलेल्या विद्यार्थी-यशाच्या सॉफ्टवेअरमध्ये वंश हा मोठं वजन असलेला घटक होता आणि काही ठिकाणी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना ‘जास्त धोका’ हा शेरा गोऱ्यांच्या चौपटीपर्यंत मिळत होता. सल्लागाराच्या पडद्यावर तो शेरा दिसतो, समोर पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी रसायनशास्त्र घ्यायचं म्हणून बसलेली असते. तो तिला सोपा विषय सुचवणार नाही याची हमी कोण देणार? अशा ठिकाणी वंशाचा रकाना नको, हे मलाही मान्य आहे. मुलीच्या कातडीच्या रंगावरून तिचा धोका वाढवणं याचं समर्थन होऊ शकत नाही. पण रकाना काढला म्हणजे प्रश्न मिटला, हे खोटं आहे. राहण्याचा भाग, शाळेचं नाव, पालकांचं शिक्षण यांतून तो परत येतो. ब्रिटनमध्ये परीक्षा रद्द झाल्या म्हणून २०२०च्या ऑगस्टमध्ये ए-लेव्हलचे, म्हणजे तिथल्या बारावीचे, निकाल गणिती मॉडेलने लावले, तेव्हा त्यात वंश नव्हता. होता तो शाळेचा मागच्या वर्षांचा निकाल. शिक्षकांनी सुचवलेल्या श्रेणींपैकी सुमारे ४० टक्के खाली आल्या. लहान तुकड्यांना शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी तशाच मिळाल्या आणि लहान तुकड्या जास्त कुठे, तर खासगी शाळांत. सामान्य शाळेतला हुशार मुलगा आपल्या आधीच्या विद्यार्थ्यांच्या गुणांखाली दबला गेला. १३ ऑगस्टला लागलेला निकाल १७ ऑगस्टला मागे घ्यावा लागला.

उलट, वंशाची नोंदच ठेवली नाही तर चूक कुणाच्या माथी जाते हे कळणार कसं? २०२४मध्ये डेनिसा गांदारा आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या राष्ट्रीय पातळीवरच्या डेटावर पदवी-भाकिताची मॉडेलं चालवून पाहिली. प्रत्यक्षात पदवी मिळवणाऱ्यांपैकी १९ टक्के कृष्णवर्णीय आणि २१ टक्के हिस्पॅनिक विद्यार्थी नापास होतील असं मॉडेलांनी चुकीचं सांगितलं. गोऱ्यांत हे प्रमाण १२ टक्के, आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांत ६. उलट दिशेची चूक, म्हणजे जे पदवीपर्यंत पोचले नाहीत त्यांना ‘पोचतील’ म्हणणं, ही गोऱ्यांच्या बाबतीत ६५ टक्के आणि कृष्णवर्णीयांच्या बाबतीत ३३. एकाला संशयाचा फायदा, दुसऱ्याला संशयच. वंशाचा रकाना हिशेबासाठी ठेवलेला होता म्हणूनच हे दिसलं.

दुसरा बळकट आक्षेप असा, की यंत्र काढून टाकलं तर त्या जागी माणूस येणार, आणि माणूस कुठे निष्पक्ष आहे? या आक्षेपाला उडवून लावणारे इतिहास विसरतात. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटल मेडिकल स्कूलमध्ये डॉ. जेफ्री फ्रँग्लेन यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस प्रवेश अर्जांच्या पहिल्या चाळणीसाठी संगणकाचा कार्यक्रम लिहिला. हेतू चांगला होता. निवडीतला लहरीपणा जावा आणि वेळ वाचावा. १९८२पासून पहिली चाळणी पूर्ण त्यावरच होऊ लागली. कार्यक्रम यशस्वी आहे याचा पुरावा काय, तर त्याचे निर्णय मानवी निवड समितीच्या निर्णयांशी ९० ते ९५ टक्के जुळत. अर्जात वंशाचा रकाना नव्हता. आडनाव आणि जन्मस्थान यांवरून अर्जदार ‘युरोपीय’ की ‘बिगर-युरोपीय’ हे ठरे, आणि नाव युरोपीय वाटलं नाही तर गुणांत १५ची घट होऊ शके. स्त्रियांचे सरासरी ३ गुण जात. संस्थेतल्याच दोन डॉक्टरांनी, जो कॉलियर आणि ॲग्रे बर्क यांनी, १९८६मध्ये हे उघडकीला आणलं. वांशिक समानता आयोगाने चौकशी केली आणि दरवर्षी साठेक अर्जदार या कारणाने मुलाखतीलाही पोचले नसावेत असा निष्कर्ष निघाला.

या प्रकरणाची एक बाजू फार कमी वेळा सांगितली जाते. त्या काळात सेंट जॉर्जेसमध्ये बिगर-युरोपीय विद्यार्थ्यांचं प्रमाण लंडनच्या इतर बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांपेक्षा जास्त होतं. दोषी ठरलं ते मात्र सेंट जॉर्जेस, कारण तिथला भेदभाव लिहिलेला होता. इतरत्र तो निवड समितीच्या डोक्यात होता आणि डोक्याची झडती घेता येत नाही. अल्गोरिदमच्या बाजूने यापेक्षा चांगला युक्तिवाद मला माहीत नाही. त्याच्या आतलं वाचता येतं, तपासता येतं, कोर्टात ठेवता येतं. अट एवढीच, की तो वाचू दिला पाहिजे. आज सॉफ्टवेअर कंपन्या ‘व्यापारी गुपित’ म्हणून तो कुलूपबंद ठेवतात, तेव्हा यंत्राचा हा एकमेव नैतिक फायदाही हातचा जातो. माणसाचा पूर्वग्रह तर राहतोच, वर तो वाचताही येत नाही.

माणसांचं माप आणखी एका अभ्यासाने घेतलं आहे. गर्शेनसन, होल्ट आणि पापाजॉर्ज यांनी २०१६मध्ये एकाच कृष्णवर्णीय विद्यार्थ्याबद्दल दोन शिक्षकांची अपेक्षा ताडून पाहिली. हा चार वर्षांची पदवी घेईल, असं गोऱ्या शिक्षकाला वाटण्याची शक्यता कृष्णवर्णीय शिक्षकापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी होती. मूल तेच, वर्ष तेच. तेव्हा ‘शिक्षकांवर सोडा’ हा उपाय मी तरी सुचवणार नाही.

पण यंत्राने माणसावर खरी मात कुठे केली, ते बघा. फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड काउंटीत विशेष प्रज्ञावान मुलांच्या वर्गासाठी नावं सुचवायची ती शिक्षकांनी आणि पालकांनी. २००५पासून दुसरीतल्या प्रत्येक मुलाची शब्दांवर न बेतलेली चाचणी घ्यायला सुरुवात झाली. पात्रतेचे निकष बदलले नाहीत. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांच्या अभ्यासानुसार या वर्गांत कृष्णवर्णीय मुलं ८० टक्क्यांनी आणि हिस्पॅनिक मुलं १३० टक्क्यांनी वाढली. ती मुलं आधीही तिथेच होती, कुणाच्या नजरेत भरत नव्हती इतकंच. नंतर पैशांची ओढाताण झाली, सरसकट चाचणी बंद पडली आणि आकडे पुन्हा खाली आले. नॉर्थ कॅरोलिनातल्या वेक काउंटीत २०१०च्या सुमारास तर चक्क भाकितावर वर्ग ठरू लागले. बीजगणितात उत्तीर्ण होण्याची शक्यता ७० टक्के किंवा जास्त निघाली की मुलाला पुढच्या गणिताच्या वाटेवर घ्यायचं, शिक्षकाने शिफारस केलेली असो वा नसो. तुल्यबळ गुणांच्या मुलांत वंश आणि उत्पन्न यांवरून पडणारा फरक त्यामुळे कमी झाला. एकूण दरी बुजली नाही हेही खरं. पण दार आधीपेक्षा मोठं झालं. या दोन्ही ठिकाणी आकड्याने ‘हिला आत घ्या’ म्हटलं. चूक झालीच तर एखाद्या मुलीला अवघड वर्ग झेपणार नाही आणि ती परत येईल. ‘हिला बाहेर ठेवा’ या चुकीतून मात्र परतीचा रस्ता नाही, कारण ती चूक होती हे कधी सिद्धच होणार नाही. जिला बीजगणित शिकवलंच नाही ती त्यात पास झाली असती, हे दाखवणार कसं?

इथेच साठ-सत्तरच्या दशकांतला अमेरिकेतला एक वाद आठवायला हवा, कारण आजची चर्चा त्याच वळणावरून पुन्हा चालली आहे. कॅलिफोर्नियात बुद्ध्यंक चाचणीच्या आधारे मुलांना ‘शिकवण्याजोगे मतिमंद’ अशा नावाच्या वर्गांत पाठवत. राज्याच्या विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय मुलं साधारण दहा टक्के, या वर्गांत मात्र चौथाई. पालकांनी १९७१मध्ये दावा लावला, तो ‘लॅरी पी. विरुद्ध राइल्स’ म्हणून ओळखला जातो. १९७९मध्ये न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी कृष्णवर्णीय मुलांना अशा वर्गांत पाठवण्यासाठी ती चाचणी वापरायला मनाई केली, आणि त्या निकालात चाचणीबरोबरच त्या वर्गांचाही विचार होता. तिथे नेहमीचा अभ्यासक्रम शिकवतच नव्हते, आणि एकदा आत गेलेलं मूल सहसा बाहेर येत नव्हतं. पुढच्याच वर्षी इलिनॉयमध्ये अगदी तसाच दावा न्यायाधीश जॉन ग्रेडी यांच्यापुढे आला. त्यांनी चाचणीतला एकेक प्रश्न वाचून काढला आणि निकालपत्रात उतरवला. एवढ्या सगळ्यांत पक्षपाती वाटावेत असे नऊच प्रश्न त्यांना सापडले. निष्कर्ष, चाचणी ठीक आहे.

आज मॉडेल उघडून त्यातला प्रत्येक रकाना तपासणारे लोक, मग ते अल्गोरिदमच्या बाजूचे असोत की विरोधातले, ग्रेडींच्याच वाटेने निघाले आहेत. प्रश्न निर्दोष आहेत का, हे विचारणं चूक नाही. पण मुलाला ज्या खोलीत पाठवणार ती खोली न बघता निकाल देणं चूक आहे. आणि पेकहॅम यांच्या निकालालाही पुढे एक कडू वळण लागलं, जे सरसकट बंदी मागणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. १९८६मध्ये कॅलिफोर्नियात कृष्णवर्णीय मुलांसाठी विशेष शिक्षणाच्या कामी बुद्ध्यंक चाचणीवर पूर्ण बंदी आली. मग काही कृष्णवर्णीय पालकच कोर्टात गेले. आमच्या मुलांना शिकण्यात अडचण येते, तिचं निदान व्हावं म्हणून आम्हाला ही चाचणी हवी आहे, आणि केवळ वंशामुळे ती नाकारली जाते आहे. १९९२मध्ये पेकहॅम यांनीच ती वाढीव बंदी उठवली. तीच चाचणी एका हेतूसाठी अन्याय होती आणि दुसऱ्या हेतूसाठी हक्क.

हेतू किती दूर जाऊ शकतो याची दोन टोकं अमेरिकी कॉलेजांनी दाखवली आहेत. जॉर्जिया स्टेट विद्यापीठात २००३मध्ये सहा वर्षांत पदवी पूर्ण करण्याचं प्रमाण ३२ टक्के होतं, नंतरच्या दीड दशकात ते पन्नाशीच्या पुढे गेलं आणि कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक विद्यार्थी मागे राहण्याची दरी भरून निघाली. २०१२पासून तिथली यंत्रणा रोज विद्यार्थ्यांच्या नोंदी चाळून इशारे देते. त्या मॉडेलमध्ये वंश आणि उत्पन्न घेतलेलं नाही. पण जाहिरातीत हे एवढंच येतं, आणि खरी गोष्ट पुढे आहे. इशारा आला की कोणीतरी त्या विद्यार्थ्याला बोलावून घेतं, कारण विद्यापीठाने बरेच नवे सल्लागार नेमले. फीचे थोडे पैसे कमी पडल्याने नाव कटणार असेल तर विद्यापीठ ते भरतं. यश अल्गोरिदमचं किती आणि या खर्चाचं किती, हे वेगळं काढणं कठीण आहे. याच्या उलट, मेरीलँडमधल्या माउंट सेंट मेरीज विद्यापीठाचे अध्यक्ष सायमन न्यूमन. नव्या विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घ्यायची आणि जे टिकणार नाहीत असं वाटेल अशा वीस-पंचवीस जणांना सत्राच्या सुरुवातीलाच निरोप द्यायचा, म्हणजे सरकारी आकडेवारीत गळती कमी दिसेल, अशी त्यांची योजना. सशाची पिल्लं बुडवावीच लागतात, अशा अर्थाचं त्यांचं वाक्य विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने जानेवारी २०१६मध्ये छापलं, आणि पुढच्याच महिन्यात त्यांना पद सोडावं लागलं. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता. कोण टिकणार नाही?

फ्लोरिडातल्या पॅस्को काउंटीत तर शाळेच्या नोंदी शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयात पोचल्या. कमी श्रेणी, गैरहजेरी, घरात झालेला छळ यांवरून पुढे कोण गुन्हेगार होऊ शकतो अशा मुलांची यादी तिथे बनत होती, हे ‘टँपा बे टाइम्स’ने २०२०मध्ये उघड केलं. ज्या मुलाने छळ सोसला, त्याच्या बाबतीत तो छळच त्याच्याविरुद्धचा पुरावा. मदतीसाठी गोळा केलेली माहिती मदतीपुरतीच राहील असं गृहीत धरणाऱ्यांनी ही यादी आठवावी.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे. साधनं मर्यादित आहेत, सर्वांना मदत देता येत नाही, मग निवड करायलाच हवी आणि निवडीसाठी भाकीत हवंच. ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण बर्कलीच्या त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष असा, की विस्कॉन्सिनमध्ये मूल कुठल्या शाळेत, कुठल्या जिल्ह्यात शिकतं एवढ्या माहितीवर मदत वाटली असती, तरी एकेका मुलाच्या धोक्याचा हिशेब करून वाटण्याइतकीच ती योग्य ठिकाणी पोचली असती. धोका मुलांत कमी आणि ठिकाणांत जास्त होता. मग मुलागणिक रंग कशासाठी? शाळेला शिक्षक, समुपदेशक, बस द्यायची म्हटली तर पैसा लागतो आणि ती मागणी राज्याच्या अर्थसंकल्पापर्यंत जाते. मुलाच्या नावापुढे लाल खूण करायला जवळजवळ काहीच लागत नाही, आणि अपयशाची जबाबदारी आपोआप मुलाकडे सरकते. वैयक्तिक भाकिताचं आकर्षण त्याच्या अचूकतेत जितकं आहे तितकंच या सोयीत आहे, असं माझं ठाम मत आहे.

युरोपीय संघाच्या २०२४च्या कायद्याने प्रवेश, मूल्यमापन आणि वर्ग ठरवणाऱ्या प्रणाली ‘उच्च जोखमी’च्या मानल्या आहेत. अमेरिकेत वारा उलटा आहे. हेतू सिद्ध न होता परिणामात दिसणाऱ्या भेदभावाविरुद्ध नागरिकांना थेट दावा लावण्याची वाट सर्वोच्च न्यायालयाने २००१मध्येच बंद केली. एप्रिल २०२५च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने सरकारी खात्यांनाही त्या बाजूने हात आखडता घ्यायला सांगितलं. म्हणजे वॉशिंग्टनमधून कोणी येऊन हे मोजणार नाही. पण ही सॉफ्टवेअरं विकत घेतात ती शाळा मंडळं आणि विद्यापीठं, आणि खरेदीचा करार त्यांच्या हातात आहे. मुलावर शेरा मारला तर तो त्याच्या पालकांना दाखवायचा आणि हरकत घेऊ द्यायची. कुठलाही वर्ग किंवा विषय त्या शेऱ्यावरून नाकारायचा नाही. शेरा मिळालेल्या प्रत्येक मुलाला त्यानंतर नेमकं काय मिळालं, आणि कुठल्या वंशाच्या किती मुलांवर शेरा चुकीचा ठरला, हे दरवर्षी जाहीर करायचं. आणि विक्रेता मॉडेल उघडून दाखवायला तयार नसेल तर त्याचं सॉफ्टवेअर घ्यायचं नाही. या अटी करारात घालायला कुठल्या न्यायालयाची परवानगी लागत नाही, मंडळाच्या पुढच्या बैठकीत त्या मांडता येतात.